पेटी लिहावं की खोकं?

वाचकाचं पत्र :

'नमस्कार. मी आमच्या गृहनिर्माण संस्थेची सचिव आहे. वाचून झालेली पुस्तकं लोकांनी एका जागी आणून ठेवावीत आणि ज्याला हवं त्यानं ते न्यावं, म्हणून मी जिन्याखाली पुठ्ठ्याचं एक मोठं खोकं ठेवलं. वॉशिंग मशीन आलं होतं, त्याचं. वर कागद चिकटवला : "जुनी पुस्तके या खोक्यात टाकावीत." आठवड्याभरात त्यात पुस्तकं कमी आणि भंगार जास्त जमलं. रद्दी, तुटकी छत्री, एका पायाची चप्पल. समितीच्या बैठकीत विषय निघाला तेव्हा एक निवृत्त शिक्षक म्हणाले, "खोकं हा ग्राम्य शब्द आहे, पेटी लिहा." खजिनदार म्हणाले, "पुठ्ठ्याच्या वस्तूला पेटी कसं म्हणायचं? पेटी लाकडाची नाहीतर पत्र्याची." तिसरे सभासद नुसतेच हसले आणि म्हणाले, "खोके हा शब्द तर नकोच, लोक भलतंच समजतील." बैठक तिथेच संपली, पाटी तशीच आहे. या दोन शब्दांत नेमका फरक काय आणि मी काय लिहू?

ता. क. – माझी मुलगी हार्मोनियम शिकते. तिचा प्रश्न : वाद्याला पेटी का म्हणतात? आणि तिच्या बाई म्हणतात तसं "संवादिनी"च म्हणायला हवं का?'

उत्तर :

सचिवताई, तिघांनी तीन टोकं धरली आहेत आणि तिघांच्याही हाताला काहीतरी लागलेलं आहे. शिक्षकांनी सुचवलेला शब्द बरोबर आहे, पण त्यासाठी दिलेलं कारण साफ चूक. ते आधी निकालात काढू.

'खोकं' ग्राम्य नाही आणि अशुद्धही नाही. छापताना 'खोके', बोलताना 'खोकं'. 'तळे' आणि 'तळं' यांत जेवढा फरक, तेवढाच. काही जण 'खोका' असं पुल्लिंगी रूप वापरतात, त्यांचं अनेकवचन 'खोके' होतं. नपुंसकलिंगी धरणाऱ्यांचं 'खोकी'. म्हणजे 'दोन खोके आले' आणि 'दोन खोकी आली' ही दोन्ही वाक्यं ठीक, ज्याची त्याची सवय. सामान्यरूप दोन्हींचं एकच, 'खोक्यात', आणि ते तुम्ही पाटीवर बिनचूक लिहिलं आहे. 'पेटी'चं नातं संस्कृतातल्या 'पेटिका'शी लागतं, म्हणून तो शब्द कानाला जरा सोवळ्यातला वाटतो इतकंच. पाटीवरचा शब्द अर्थावरून निवडायचा, कुळावरून नाही.

आता फरक. माझ्या मते तो लाकूड-पुठ्ठ्याचा नाही, लहान-मोठ्याचाही नाही. पेटी ओळखली जाते ती आत काय जायचं आहे त्यावरून. खोकं ओळखलं जातं ते आतून काय निघालं त्यावरून.

पटत नसेल तर दोन्ही शब्दांना जोडून काय काय येतं ते बघा. मतपेटी, दानपेटी, पत्रपेटी, तक्रारपेटी, कंपासपेटी, प्रथमोपचार पेटी, शवपेटी. प्रत्येकीत पहिला शब्द सांगतो की हिच्यात काय टाकायचं, काय ठेवायचं. तक्रारपेटी कार्यालयाच्या भिंतीवर वर्षानुवर्षं रिकामी लटकत असली (आणि बहुतेक असतेच) तरी ती तक्रारपेटीच. तिचं काम आधी ठरलं, मग ती भिंतीवर आली. आता खोक्याकडे या. बुटांचं खोकं, टीव्हीचं खोकं, मिक्सरचं खोकं. घरातलं बुटांचं खोकं काढून बघा, त्यात बूट सोडून सगळं असतं : विजेची बिलं, गॅरंटी कार्डं, कुठल्या कुलपाच्या ते कुणालाच माहीत नसलेल्या किल्ल्या, मुलांच्या दुसरी-तिसरीतल्या गुणपत्रिका. बूट कधीच झिजून गेले, तरी नाव बुटांचंच. 'अगं, पावत्या कुठे आहेत?' 'कपाटावर, बुटांच्या खोक्यात.' हे वाक्य आपल्याला जराही विचित्र वाटत नाही.

व्याकरणसुद्धा हाच फरक पाळतं. पेटीला शब्द थेट चिकटतो आणि समास होतो. खोक्याला मध्ये 'चं' लागतं. 'मतपेटी' होते, 'बूटखोकं' होत नाही. जीभच वळत नाही. समास व्हायला त्या वस्तूला कायमची नेमणूक लागते आणि खोकं हे मुळातच बदली कामगार. अर्थात पेटीलाही षष्ठी चालते, 'दागिन्यांची पेटी' म्हणतोच आपण. पण ती रिकामी करा. दागिने बँकेच्या लॉकरमध्ये गेले तरी आतल्या मखमलीसकट ती दागिन्यांचीच पेटी राहते. घर बदलताना भरलेलं 'पुस्तकांचं खोकं' मात्र नव्या घरी पुस्तकं फडताळात लागली की नुसतं खोकं होतं, आणि दोन दिवसांत 'हे खोकं कुठे टाकायचं?' असा प्रश्न होऊन दारात उभं राहतं.

क्रियापदं तर याहून बोलकी आहेत. पेटी उघडतात. खोकं फोडतात. नवा टीव्ही आला की मुलं 'बाबा, खोकं फोडू या' म्हणत नाचतात, कारण वरची चिकटपट्टी टराटरा काढल्याशिवाय, कोपरे उसवल्याशिवाय आतलं काही हाती लागत नाही. तेच क्रियापद पेटीला लावा. 'दानपेटी फोडली', 'मतपेटी फोडली'. झालं, पोलिसात तक्रार. एकच 'फोडणं', खोक्याच्या बाबतीत घरातला आनंदाचा प्रसंग आणि पेटीच्या बाबतीत गुन्हा, कारण पेटीला झाकण असतं, झाकणाला बिजागरी असते, कडी-कोयंडा असतो आणि किल्ली कुणा एकाच्या ताब्यात असते. पेटी बनवणाऱ्यानं ती पुन्हा पुन्हा उघडायची आणि मिटायची म्हणूनच बनवलेली असते. खोकं बनवणाऱ्याच्या डोळ्यांपुढे एकच प्रवास असतो, कारखान्यापासून घरापर्यंत.

या कसोटीवर तुमच्या खजिनदारांचं म्हणणं टिकत नाही. काडेपेटी पुठ्ठ्याचीच, तीही पातळ. पण तिच्यात आत-बाहेर सरकणारा खण आहे, तो दिवसातून दहादा उघडायचा आणि मिटायचा आहे, म्हणून ती पेटी. उलट कारखान्यात जड यंत्रं येतात ती जाड लाकडी फळ्यांत, चारी बाजूंनी खिळे ठोकून. दोन माणसांना उचलत नाहीत अशी ती भक्कम वस्तू, पण तिला सगळे खोकंच म्हणतात, कारण पहारीनं फळ्या उचकटल्या की तिचं आयुष्य संपलं.

एक अडचणीची जागा आहे, ती लपवत नाही. आंब्याची पेटी. तीही मालाबरोबर जाते, तिलाही फळ्या आणि खिळेच, ना बिजागरी ना कुलूप. आता तर पुठ्ठ्याचीही येते. माझ्या नियमाप्रमाणे ते खोकं व्हायला हवं होतं. पण दरवर्षी बातमी येते ती 'हंगामातली पहिली पेटी बाजारात' अशीच, पहिलं खोकं बाजारात आल्याचं कुणी ऐकलेलं नाही. मला वाटतं, इथे पेटी हे भांडं राहिलेलंच नाही, ते माप झालं आहे. भाव पेटीचा, हिशेब पेटीचा. फळ मोठं तर पेटीत डझन कमी, फळ लहान तर जास्त. बागायतदार 'यंदा इतक्या पेट्या झाल्या' म्हणतो तेव्हा त्याला फळ्या मोजायच्या नसतात. आणि गंमत बघा, आंबे संपले की तीच वस्तू हळूच खोकं होते. 'गॅलरीतलं ते आंब्याचं खोकं उचल रे आता, मुंग्या लागल्यात.' माल होता तोवर पेटी, माल गेला की खोकं. म्हणजे अपवादही फिरून नियमाच्याच वळचणीला येतो.

खोक्याला आणखी एक अर्थ आहे, तो पुण्या-मुंबईकडच्या वाचकांना कदाचित नवा वाटेल. दक्षिण महाराष्ट्रात रस्त्याकडेच्या टपरीला 'खोकं' म्हणतात. पानाचं खोकं, चपला शिवणाऱ्याचं खोकं. तिकडच्या वर्तमानपत्रांत 'खोकीधारकांचे पुनर्वसन' असे मथळे असतात आणि ते वाचून बाहेरच्या माणसाला वाटतं की कुणी पुठ्ठे धरून बसलं आहे. हिंदीतही टपरीला 'खोखा' म्हणतात. टपरीला हा शब्द मिळाला यात मला तरी नवल वाटत नाही : आज आहे, उद्या पालिकेची गाडी आली की नाही. (हिंदीत 'पेटी'चंही वेगळंच चालतं. विमानात 'कुर्सी की पेटी' बांधायला सांगतात ती कमरेच्या पट्ट्याची गोष्ट. मराठीत तो पट्टाच.)

आता तुमच्या हसणाऱ्या सभासदांविषयी. मुंबईच्या टोळ्यांच्या बोलीत पेटी म्हणजे लाख आणि खोका म्हणजे कोटी. ही भाषा सिनेमांतून सगळीकडे पसरली. पुढे २०२२ साली शिवसेना फुटली, सरकार बदललं आणि त्याच वर्षीच्या पावसाळी अधिवेशनात विरोधकांनी विधान भवनाच्या पायऱ्यांवर 'पन्नास खोके, एकदम ओके' अशी घोषणा दिली. फुटलेल्या आमदारांनी कोट्यवधी घेतल्याचा हा आरोप खरा की खोटा हा या सदराचा विषय नाही, पण शब्दावर परिणाम व्हायचा तो झालाच. तेव्हापासून चारचौघांत कुणी सरळ मनानं 'दोन खोके पाठवून द्या' म्हटलं तरी एखादा गालातल्या गालात हसतो. सभासदांचं म्हणणं त्यामुळे अगदीच गैर नाही. तरी त्यावरून शब्द टाकून देऊ नका. घोषणेतलं 'खोके' हे 'खोका'चं अनेकवचन आहे. तुम्ही लिहिलेलं 'खोक्यात' वाचून कुणाच्या मनात कोटी येत असतील तर तो पाटीचा दोष नव्हे. शिवाय 'पेटी' लिहून सुटका होते असंही नाही, ती लाखात आहेच.

मग तुमच्या खोक्यात भंगार का जमलं? मला वाटतं, त्यात शब्दांचा हात आहे, आणि एकट्या 'खोक्या'चा नाही. तुम्ही 'टाकावीत' लिहिलं आहे. 'टाकणं' हे क्रियापद बरोबरच्या शब्दाचा रंग घेतं. पत्र टाकणं, मत टाकणं, दानपेटीत पैसे टाकणं, हे सगळं मानाचं, कारण समोर पेटी आहे. 'खोक्यात टाकणं' म्हटलं की मनात येतो कचरा. भर म्हणजे 'जुनी'. जुनी पुस्तकं, खोकं आणि टाकणं, हे तीन शब्द एका ओळीत आले की माणसाला वाटतं, ही अडगळीचीच सोय आहे. छत्री टाकणारा काही मुद्दाम खोडसाळपणा करत नसेल. त्यानं पाटी वाचली असेल, आणि तिच्यातून निघणारा अर्थच अमलात आणला असेल.

म्हणून 'पेटी' लिहा, पण आधी ती पेटी करा. पुठ्ठ्याची असली तरी हरकत नाही, काडेपेटीचा दाखला आहेच. वरचे चार कान उघडे लोंबकळत असतात तोवर ते खोकंच दिसणार. ते आत दुमडून चिकटवा, वर पुठ्ठ्याचंच झाकण करा आणि ते एका बाजूनं जाड चिकटपट्टीनं बिजागरीसारखं जोडा. बाहेरून कागद लावून वॉशिंग मशीनचं चित्र आणि कंपनीचं नाव झाकून टाका, कारण ते दिसत राहिलं तर लोकांच्या तोंडी 'वॉशिंग मशीनचं खोकं' हेच राहणार, पाटीवर तुम्ही काहीही लिहा. जिन्याखाली ओल येत असेल तर खाली दोन विटा ठेवा, नाहीतर पहिल्या पावसात तळ सुटेल. वॉशिंग मशीनचं खोकं खोलही फार असतं. पुस्तकं तळाशी एकावर एक पडतात आणि खालचं काढायला माणूस कमरेपर्यंत आत जातो. ते अर्ध्या उंचीवर कापा आणि पुस्तकं उभी राहतील असं करा, कणे वर दिसले की लोक थांबून वाचतात. एवढं झाल्यावर मराठीत त्याला एक नेमकं नाव मिळतं : खोक्याची पेटी. कशापासून झाली आणि कशाला झाली, दोन्ही त्यात आलं. खजिनदारांनाही बोलायला जागा राहणार नाही.

पाटीवर मात्र 'खोक्याची' लिहू नका. 'पुस्तकपेटी' असा सरळ समास करा. 'ग्रंथपेटी' हा शब्दही रुळलेला आहे. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानाच्या 'ग्रंथ तुमच्या दारी' या उपक्रमात पुस्तकांनी भरलेल्या अशाच ग्रंथपेट्या वाचकांपर्यंत जातात. पण जिन्याखाली गोष्टींची, स्वयंपाकाची आणि पाचवीच्या गणिताची पुस्तकंही येणार असतील तर 'ग्रंथ' जरा जड होईल. मजकूर मी असा ठेवीन : 'पुस्तकपेटी. वाचून झालेली पुस्तके येथे ठेवावीत, हवे ते न्यावे.' 'जुनी' गेलं, 'टाकावीत' गेलं, 'कचरा टाकू नये' हेही लिहायचं नाही. ते लिहिलं की कचऱ्याची आठवण आपणच करून देतो. रद्दी आणणाऱ्यांसाठी हवं तर शेजारी एक साधं खोकं ठेवा, त्याला पाटीची गरज पडणार नाही.

शिक्षकांना सांगा की शब्द त्यांचाच घेतला आहे. कारण सांगायची गरज नाही.

आता मुलीचा प्रश्न, तो मला तुमच्या प्रश्नाहून जास्त आवडला. हार्मोनियम युरोपातून आली. फ्रान्समध्ये १८४०च्या दशकात तिचं पेटंट घेतलं गेलं तेव्हा ती खुर्चीवर बसून, पायांनी भाता हलवून वाजवायची होती. आपल्याकडेही संगीत नाटकांच्या काळात ती होती, तिला 'पायपेटी' म्हणत. पुढे आपल्या बैठकीला सोयीची, मांडीशी घेऊन एका हातानं भाता आणि दुसऱ्यानं पट्ट्या अशी धाटणी आली. तिला म्हणावं, वर्गात बाई वाद्य मिटतात ते नीट बघ. स्वर बंद करायच्या खुंट्या आत ढकलतात, भात्याची कडी लावतात, वरचं झाकण खाली घेतात, आणि हातात उरते कडी-कोयंड्याची, उचलायला मुठी असलेली एक लाकडी पेटी. इतर वाद्यांना ठेवायला पेटी लागते, ही स्वतःच आपली पेटी आहे. आणि या पेटीत काय ठेवतात म्हणून विचारलं तर सांगा, हवा. भात्यानं भरायची आणि स्वरपट्ट्यांतून सोडायची.

'संवादिनी' हा चांगला घडवलेला शब्द आहे, निमंत्रणपत्रिकेवर शोभतो. त्यामागे थोडा मानाचाही प्रश्न आहे. हे वाद्य परकं, त्याचे स्वर ठरीव, मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणं) निघत नाही, म्हणून शास्त्रीय संगीतात त्याला बरंच नाक मुरडलं गेलं. १९४० साली तर रेडिओवर त्याला बंदी झाली आणि ती बरीच वर्षं टिकली. अशा वाद्याला भारदस्त नाव द्यावंसं वाटणं स्वाभाविक आहे. पण गोविंदराव टेंब्यांसारख्या वादकांनी त्याला मान मिळवून दिला तो बोटांनी, आणि साथीला बसलेल्याला गवई आजही 'पेटी जरा काळी दोनवर घ्या' (दुसरी काळी पट्टी 'सा' धरा) असंच सांगतात. बाईंच्या समोर बाईंचा शब्द वापरावा, तो शिष्टाचार झाला. घरी मात्र मुलीला खुशाल 'आई, मी पेटी वाजवते' म्हणू द्या. आणि नवी पेटी घ्याल तेव्हा ती ज्यातून येईल ते पेटीचं खोकं टाकू नका. दुरुस्तीला पाठवायची वेळ येते तेव्हा त्या मापाचं दुसरं मिळत नाही.